मे महिन्यात बांधलं, जानेवारीत पळवलं

गाडी आली ती टेम्पोत आडवी पडून, तीही अर्धीच. फ्रेम, दोन चाकं, टाकी वेगळी आणि युरियाच्या गोणीत भरलेलं इंजिन. यामाहा आरएक्स १३५. सोबत चोपड्याकडचा एक विशीतला पोरगा आणि त्याचा बाप. गोणी खाली टेकायच्या आत पोराने सांगून टाकलं, "काका, रेसनी गाडी बनाडी द्या. टॉप पायजे, बस." बाप केळीवाला, मोजकं बोलणारा. तो गोणीकडे बघत म्हणाला, "पोऱ्याले काही व्हनार नही ना?" मी दोघांनाही काही बोललो नाही, गोणी उघडली.

मे महिना होता. धुळ्यात त्या दिवसांत दुपारी पारा ४३-४४ ला जातो आणि उन्हात राहिलेला पाना फडक्याशिवाय उचलवत नाही. रेस होती जानेवारीत, नाशिकजवळ, मातीवर. तेवढ्या काळात त्या गोणीतून गाडी उभी करायची होती. ते काम कसं केलं ते जरा सविस्तर लिहितो. पोरं मला नेहमी दोनच प्रश्न विचारतात, किती सीसी केली आणि कितीचा कार्बोरेटर टाकला. खरं काम या दोन प्रश्नांच्या बाहेरच असतं.

रेसिंगवर माझं घर चालत नाही, हे आधीच सांगतो. घर चालतं ऑइल बदलीवर, चेन-स्प्रॉकेटवर, क्लच प्लेटवर. पारोळा रोडला गॅरेज आहे. सकाळी दूधवाले येतात, त्यांच्या गाड्यांचे मागचे शॉकअप कॅनच्या वजनाने बसलेले असतात. नंतर शेतकरी, मग फायनान्सच्या वसुलीची पोरं, ज्यांना गाडी कायम 'आत्ताच्या आत्ता' पाहिजे असते. निम्मा धंदा उधारीवर आणि उधारी पिकावर. कापूस विकला गेला की वहीतली नावं खोडली जातात. रेसच्या गाडीचं काम शटर अर्धं ओढल्यावर, रात्री आठनंतर. बायको म्हणते तुमची दुसरी पाळी. तिचं म्हणणं बरोबर आहे, फक्त या पाळीचा पगार नाही.

मी गॅरेजात लागलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. १९८५ साली आपल्याकडे दोन गाड्या आल्या, हिरो होंडाची सीडी १०० आणि एस्कॉर्ट्सने बनवलेली यामाहा आरएक्स १००. पहिलीने लोकांना मायलेज मोजायला लावलं, दुसरीने पोरांना पिकअपचं वेड लावलं. माझे वस्ताद मूळचे येझदी-राजदूतचे. जपानी गाडी त्यांना आधी खेळण्यासारखी वाटायची. ५० मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी), ५० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), जेमतेम ९८ सीसी, आणि कंपनी म्हणते ११ हॉर्सपॉवर. त्यांचा विश्वास बसेना. मग एका रात्री त्यांनी एक इंजिन पूर्ण खोललं, सगळे पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या, कागदावर छापून घेतले, आणि सकाळी माझ्यासमोर तो कागद धरून म्हणाले, "हाई पाय. इंजिन आठे शे, लोखंडमा नही." म्हणजे इंजिन लोखंडात नाही, त्या खिडक्यांच्या आकारात आहे. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. १९९६ साली म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद पडला, त्याच वर्षी आरएक्स १०० सुद्धा बंद झाली. वस्तादांनी त्यानंतर टू-स्ट्रोकचं नवीन काम घेणं सोडलं. मी नाही सोडलं.

तर गोणी. आत ब्लॉक, म्हणजे सिलिंडर होता, पण कोणीतरी हातातल्या ड्रिलने त्याचा एक्झॉस्ट पोर्ट, धूर बाहेर जायची खिडकी, खणून ठेवलेला. वरची कड सरळ चौकोनी, धार तशीच. अशा खिडकीत पिस्टनची रिंग अडकते, तुटते आणि पिस्टनसकट सगळं घेऊन जाते. तो ब्लॉक बाजूला टाकला. पोराचं तोंड उतरलं, कारण त्या 'पोर्टिंग'चे त्याने पैसे मोजले होते. जुन्या बाजारातून दुसरा ब्लॉक मिळवला, एकदाच बोअर झालेला. १३५ चा मूळ बोअर ५८, स्ट्रोक तोच ५०, म्हणजे १३२ सीसी. पुढच्या मापाचा पिस्टन घेऊन अवधान एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे बोअर करून घेतला, आणि रोजच्या गाडीला ठेवतात त्यापेक्षा दीड-दोन शतांश मिलिमीटर मोकळा ठेवायला सांगितलं. लेथवाला माझा जुना माणूस, ट्रकची कामं करतो. मोटारसायकलचा ब्लॉक दिला की हसतो, पण माप चुकवत नाही.

क्रँकचं, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरवणाऱ्या दांड्याचं काम मी कोणाकडे देत नाही. जुना कनेक्टिंग रॉड वर-खाली हलत होता. बाजूला थोडा हलला तर चालतो, वर-खाली अजिबात नको. प्रेसवर क्रँक फोडला, नवीन रॉड किट बसवलं, पुन्हा दाबला. पुढचा भाग संयमाचा आहे. क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर ठेवायचा, डायल गेजची सुई शाफ्टला टेकवायची, हाताने हळूहळू फिरवायचा. सुई जिथे जास्त उचलते तिथे खूण. मग तांब्याच्या हातोडीने चकतीवर एक ठोका. पुन्हा गेज. पुन्हा ठोका, या वेळी दुसऱ्या बाजूने. सुरुवातीला सुई दहा-बारा शतांश हलत होती. रात्री उशिरा ती दोन ते तीन शतांशांवर आली. एवढ्यावर थांबायचं. शून्याच्या नादी लागलं की पुन्हा बिघडतं. पोरगा शेजारी बसून मोबाइल बघत होता. त्याला म्हटलं, इकडे बघ, तुझा टॉप इथे आहे. क्रँक वाकडा फिरला तर बेअरिंग खातो, कंप मारतो आणि वरच्या आरपीएमला जी ताकद चाकाला जायची ती केसिंग हलवण्यात जाते.

केसिंग बांधल्यावर हवेची चाचणी. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंपच असतो, त्यामुळे सील गळकं असेल तर बाकी सगळं काम मातीत. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत येतं आणि पांढरा धूर निघत राहतो. माझ्याकडे ओळखीच्या डॉक्टरांनी दिलेलं जुनं बीपीचं यंत्र आहे. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची तोंडं रबराने बंद करायची, प्लगच्या जागी नळी लावायची, आणि फुग्याने ३०० पर्यंत हवा भरायची. पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे सहा पीएसआयच्या जरासं खाली, या कामाला नेमका तेवढाच दाब लागतो. काटा पाच-सहा मिनिटं जागचा हलला नाही तर पास. आमचा पहिल्या वेळी हलला. साबणाचं पाणी लावलं तर रीड व्हॉल्व्हच्या गॅस्केटमधून बुडबुडे. गॅस्केट बदललं, मग काटा थांबला. गिऱ्हाइकं हे यंत्र बघून विचारतात, इंजिनला बीपी आहे का म्हणून. मी म्हणतो, मालकाला आहे.

आता पोर्ट. जुन्या सीडीवर अंशांचा छापील कागद चिकटवून चकती केली आहे, ती क्रँकला लावायची, तारेचा काटा करायचा आणि पिस्टन कुठे असताना कोणती खिडकी उघडते ते नोंदवायचं. ५० च्या स्ट्रोकला एक्झॉस्टची वरची कड एक मिलिमीटर उचलली की खिडकी उघडी राहण्याचा काळ साडेचार अंशांच्या आसपास वाढतो. म्हणजे कानस किती जपून चालवायची याचा अंदाज यावा. मी तो काळ १८६ अंशांवर आणला. कड कमानदार ठेवली, धार मोडली, रिंग सहज सरकावी म्हणून. ताजं मिश्रण आत आणणाऱ्या ट्रान्सफर पोर्टना उंचीत हात लावला नाही, फक्त ओतकामातल्या गाठी साफ केल्या आणि केसिंग व ब्लॉकच्या जोडाला जी पायरी होती ती घासून एकसारखी केली. पोराला वाटलं हे काहीच केलं नाही. चकचकीत आरशासारखं पॉलिश त्याने इंटरनेटवर पाहिलं होतं.

इथे आमचं पहिलं भांडण झालं, आणि ते पाइपवरून झालं.

टू-स्ट्रोकचा पाइप हा नुसता धूर बाहेर टाकायला नसतो. ट्रान्सफरमधून ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येतं तेव्हा एक्झॉस्टची खिडकी अजून उघडीच असते, त्यामुळे थोडं मिश्रण न जळताच पाइपमध्ये पळतं. लळिंगच्या घाटात हाक मारली की ती डोंगरावर आपटून परत येते, तशी धुराच्या दाबाची लाट पाइपच्या मागच्या शंकूवर आपटून परत येते आणि पळालेलं मिश्रण खिडकी बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. लाट वेळेवर आली पाहिजे. लवकर आली किंवा उशिरा आली तर उलट नुकसान. आणि वेळ ठरते ती पाइपच्या लांबीवर.

हिशोब अवघड नाही. तापलेल्या धुरात लाटेचा वेग सेकंदाला ५१८ मीटर धरला, तर एक्झॉस्टच्या अंशांना ४३१८० ने गुणायचं आणि ज्या आरपीएमला ताकद पाहिजे त्याने भागायचं. पिस्टनच्या तोंडापासून मागच्या शंकूच्या साधारण मध्यापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये निघते. १८६ अंश आणि ९५०० आरपीएम धरले तर ८४५ मिलिमीटर. ८५०० धरले तर ९४५. दहा सेंटिमीटरचा फरक. पोराला ९५०० चा पाहिजे होता, कारण पुण्याकडच्या कोणाचा तरी तसा होता. मी ९४५ चा करणार म्हणालो.

"काका, मंग टॉप कमी व्हई."

व्हई तर व्हई. मातीच्या ट्रॅकवर सरळ पट्टा असतो केवढा? वळणातून बाहेर पडताना इंजिन सहा हजारांवर असतं. आखूड पाइपची गाडी आठ हजारांपर्यंत झोपलेली राहते आणि मग एकदम लाथ मारते. ती लाथ मुरमाच्या मातीवर मागच्या चाकाला बसली की चाक जागेवर फिरतं आणि रायडर बाजूला जातो. त्यात आमची गाडी चार गिअरची. दोन गिअरमधलं अंतर मोठं, वरचा गिअर टाकला की आरपीएम धपकन खाली येतो. आखूड पाइपचा ताकदीचा पट्टा त्या अंतरापेक्षा अरुंद असतो, म्हणजे गिअर टाकला की इंजिन पट्ट्याच्या बाहेर पडणार. डांबरी ट्रॅक असता, सहा गिअर असते, श्रीपेरुंबुदूरजवळच्या मद्रास ट्रॅकसारखा लांब पट्टा असता, तर मीसुद्धा आखूडच केला असता. हे सगळं त्याला सांगितलं. तो गप्प बसला, पण पटलं नव्हतं, ते दिसत होतं.

पाइप बनवण्यासारखं चविष्ट काम नाही. एक मिलिमीटरचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा. आधी प्रत्येक शंकू पुठ्ठ्यावर उलगडायचा. शंकूचं टोक पत्र्याच्या खूप बाहेर येतं, तिथे कंपास पोचत नाही, म्हणून मी गॅरेजच्या जमिनीवरच आखतो. फरशीच्या फटीत खिळा, त्याला न ताणली जाणारी तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला खडू. दोन कमानी, दोन सरळ रेषा, झाला शंकूचा उलगडा. पुठ्ठा कापून गुंडाळून बघायचा, मगच पत्र्याला कात्री. पत्रा वाकवायला पाण्याच्या लोखंडी पाइपचे दोन-तीन जाडीचे तुकडे आहेत, त्यांच्यावर हाताने दाबत दाबत गोल करायचा. हातोडी कमीत कमी. मग गॅस वेल्डिंग, टाके मारून आधी आकार जुळवून, नंतर पूर्ण. मे महिन्यात हे काम दिवसा होत नाही. रात्री दहालासुद्धा बनियन पिळावं लागे. शेवटी तोंडं बंद करून पाइप पाण्याच्या हौदात बुडवला, एका जोडातून बुडबुडे आले, तो पुन्हा भरला.

जाता जाता एक. असला पाइप रस्त्यावरच्या गाडीला लावून द्या म्हणून पोरं मागे लागतात, बुलेटला फटाके फोडणारे सायलेंसरही मागतात. मी लावत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ गाडीत असे बदल करू देत नाही, ही एक गोष्ट झाली. दुसरी अशी की दवाखान्यासमोरून फटाके फोडत जाणाऱ्या पोराला इंजिनमधलं काही कळत नसतं. त्याला गाडी नको, भोंगा पाहिजे.

हेडचं काम एका संध्याकाळचं. पिस्टन वर गेल्यावर हेडशी किती फट राहते ते मोजायचं. प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार सिलिंडरच्या कडेपर्यंत घालायची, किक हाताने फिरवायची, तार चेपली जाते, ती व्हर्नियरने मोजायची. तार गजन पिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत घातली पाहिजे, नाहीतर पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. सुरुवातीला दीड मिलिमीटरच्या वर आलं. हेड लेथवर घासून एक मिलिमीटरवर आणलं. आणखी खाली जाता आलं असतं, कॉम्प्रेशनही वाढवता आलं असतं. पण हवेवर थंड होणारं इंजिन, खान्देशातली हवा आणि पंपावरचं पेट्रोल हे धरून मी तिथेच थांबतो. ऑइल पंप काढून टाकला, लिटरला ४० मिलिलिटर टू-टी ऑइल टाकीतच मिसळायचं ठरलं. मागचं स्प्रॉकेट मोठ्या दातांचं.

मग सुरू झाली हवेशी झटापट.

धुळ्याची हवा ट्यूनरला शहाणी करते. मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश आणि जानेवारीच्या पहाटे सहा-सात. इथल्या कृषी महाविद्यालयातला पारा हिवाळ्यात बातम्यांमध्ये येतो तो उगाच नाही. या दोन टोकांमध्ये हवेची घनता १३ टक्क्यांच्या आसपास बदलते. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो तेवढंच पेट्रोल सोडत राहतो. उन्हाळ्यात हवा विरळ, म्हणून मिश्रण जाड, प्लग काळा, पिकअप सुस्त. हिवाळ्यात हवा घट्ट, म्हणून मिश्रण पातळ, गाडी तलवारीसारखी पळते आणि मग पिस्टन धरते, म्हणजे तो जाम होतो. नवीन पोरं उन्हाळ्यात काळा प्लग बघून लगेच जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, लहान करतात. मी पूर्ण करत नाही. ४२ अंशांत हेड आधीच भाजत असतं, आणि ते थोडं जास्तीचं पेट्रोल आतून थंडावा देतं. उन्हाळ्यात मी पिकअप जरा सोडतो, पिस्टन ठेवतो.

चाचणीला गावाबाहेरचं मैदान होतं, बैलगाडा शर्यतीचं. २०१४ साली शर्यती बंद झाल्या तेव्हापासून ते आम्हाला मोकळं मिळायचं. सुप्रीम कोर्टाने २०२१ च्या डिसेंबरात त्यांना वाट करून दिली, मे २०२३ मध्ये कायदाच कायम केला, आणि बैलं परत आली. आता आम्ही सकाळी, ते संध्याकाळी, असा समजूतदारपणा आहे. बैलवाल्यांचं म्हणणं एकच, ऑइल सांडायचं नाही. त्यांच्या बाजूनेही शेण उचलायचं ठरलं होतं, पण ते कोणी मनावर घेत नाही.

तिथे पोरगा गाडी पूर्ण थ्रॉटलला न्यायचा आणि माझ्या हाताची खूण बघून एकाच वेळी क्लच दाबून इंजिन बंद करायचा. गाडी घरंगळत थांबायची. मी प्लग काढायचो. वरवरचा रंग बघून काही कळत नाही, हल्लीच्या पेट्रोलने तर नाहीच. प्लगचा आटा करवतीने कापून पांढऱ्या चिनी मातीच्या मुळाशी जी कडी उमटते ती बघायची. प्रत्येक बघण्याला एक प्लग जातो. पोराच्या बापाने कापलेल्या प्लगांचा ढीग बघितला, काही बोलला नाही, पण मोजत असावा.

पेट्रोलचंही सांगायला हवं. पंपावर आता २० टक्के इथेनॉल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं. इंजेक्शनच्या नव्या गाड्या बऱ्याच अंशी आपलं आपण जुळवून घेतात. जुन्या कार्बोरेटरला जेट बदलून द्यावा लागतो. शिवाय गाडी पंधरा दिवस उभी राहिली की इथेनॉलने ओढलेलं पाणी फ्लोटच्या वाटीत खाली बसतं, पितळी जेटवर हिरवट थर येतो. ऊस-मक्याला भाव मिळतो म्हणून शेतकरी खूश आहे, आणि तोच शेतकरी गाडी सुरू होत नाही म्हणून माझ्याकडे येतो. दोन्हीकडून मी ऐकून घेतो. रेसच्या गाडीची टाकी मात्र रोज संध्याकाळी रिकामी करायचा नियम केला.

पावसाळ्यात मैदान चिखल. गाडी कोपऱ्यात. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा चाचण्या, आणि डिसेंबरात थंडी पडली तेव्हा जेट मोठा केला. एका सकाळी मी पोचायच्या आत पोराने किक मारली, आणि इंजिन कोमट व्हायच्या आत थ्रॉटल उघडला. शंभर मीटरवर मागचं चाक लॉक. नशीब, पडला नाही.

ब्लॉक उचलला तर पिस्टनवर चार कोपऱ्यांत चार उभे ओरखडे. हा थंडीतला जाम. ॲल्युमिनियमचा पिस्टन भराभर तापून फुगतो, बाहेरची लोखंडी स्लीव्ह अजून गार असते, आणि जागा संपते. मिश्रण पातळ पडून झालेला जाम वेगळा दिसतो, तिथे एक्झॉस्टच्या बाजूला आणि डोक्यावर खुणा असतात. पोराला वाटलं ब्लॉक गेला. संडास धुवायचं ॲसिड आणलं, काडीला कापूस गुंडाळून स्लीव्हवर चिकटलेल्या चांदीसारख्या रेषांवर लावलं. ॲल्युमिनियम फसफसून निघून जातं, लोखंड घाईने खाल्लं जात नाही. लगेच पाण्याने, मग साबणाने धुतलं, बारीक पॉलिश पेपर तिरका फिरवला, ऑइल लावलं. खाली स्लीव्ह शाबूत होती. पिस्टन नवीन. त्यानंतर पोरगा तीन-चार मिनिटं थ्रॉटल हलका हलवत उभा राहायला शिकला. हेडला हात लावून ठेवायचा, हात काढावासा वाटला की निघायचं.

जानेवारीत नाशिकला गेलो पहाटे, टेम्पोतच झोपत. पारा १० च्या आसपास. धुळ्याच्या सवयीने मोठाच जेट टाकावा असं वाटतं, पण नाशिक उंचावर आहे, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर, धुळ्यापेक्षा साडेतीनशेने जास्त. उंचीमुळे हवा चार टक्के विरळ. थंडीने जे वाढवलं त्यातलं उंचीने परत घेतलं. मी धुळ्याच्या डिसेंबरातल्या जेटपेक्षा एक माप खाली आलो. तपासणीच्या रांगेत अधिकाऱ्यांनी थ्रॉटल सोडल्यावर आपोआप बंद होतो का, लिव्हरच्या टोकाला गोळा आहे का, किल स्विच चालतो का, साइड स्टँड काढला का, हेल्मेट कसं आहे ते पाहिलं. पोराचं मोटारस्पोर्ट्स फेडरेशनचं लायसन्स होतं. बापाचा जीव त्या हेल्मेटच्या पट्ट्यात अडकला होता, तो दोनदा ओढून पाहून आला.

हीटमध्ये, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीत, आमच्या पुढे सरळ पट्ट्यावर दोन गाड्या सहज निघून गेल्या. आखूड पाइपच्या, आवाजावरून कळतं, वर चढला की कर्कश होतो. पहिल्या वळणातून बाहेर पडताना त्यातली एक आडवी झाली, दुसरीचं चाक माती उधळत जागेवर फिरलं आणि आमचा पोरगा आतून निघाला. पुढच्या पट्ट्यावर तो दुसरा पुन्हा पुढे, पुढच्या वळणावर आम्ही पुन्हा. असंच शेवटपर्यंत. दुपारी ऊन चढलं तसा आवाज किंचित जड वाटायला लागला, फायनलच्या आधी जेट आणखी एक माप खाली केला. फायनलमध्ये पोरगा दुसरा चालला होता, एका उडीनंतर हँडल वाकडं उतरलं, पडला, उठला, गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि तिसरा आला.

त्याला तिसऱ्याचा आनंद नव्हता. माझ्याकडे येऊन पहिलं वाक्य, "काका, पट्टावर तो निंघी गया ना."

"आनि वळनवर कोन निंघना?"

त्याने हेल्मेट काढलं आणि पाणी प्यायला. उत्तर दिलं नाही. पण संध्याकाळी टेम्पोत गाडी बांधताना पाइपला कपडा गुंडाळला, पत्र्याला खोच पडू नये म्हणून. तसं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

धुळ्याला आल्यावर इंजिन खोललं. पिस्टनच्या डोक्यावर रंग तपकिरी, एक्झॉस्टच्या बाजूला स्वच्छ, रिंगचा गॅप थोडा वाढलेला, रॉड घट्ट. रिंग बदलायची, बाकी तसंच बांधायचं असं वहीत लिहिलं. पुढच्या हंगामात पोराला फोर-स्ट्रोकच्या गटात उतरायचंय. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे नियम आले आणि नवीन गाड्यांना इंजेक्शन. तिथे जेट नाही, कानसही कमी. लॅपटॉपवर तक्ता उघडायचा, कोणत्या आरपीएमला किती थ्रॉटल आणि किती पेट्रोल ते आकडे बदलायचे. माझ्या मुलाला ते येतं. मी त्याच्या मागे उभा राहून सांगतो, सहा हजारांला इथे थोडं जास्त दे, आणि तो म्हणतो, दादा, सेन्सर तसं म्हणत नाहीये. एकदा त्याचं बरोबर निघतं, एकदा माझं. हवेचं तापमान मात्र त्या गाडीचा कॉम्प्युटर स्वतः मोजतो. हे मला आवडलं. एवढ्या वर्षांत मी डोक्यात करत आलो ते काम कोणीतरी तिथे नेऊन बसवलंय.

बापाला बिल दिलं. प्लगांची ओळ त्याने बोटाने दोनदा वाचली. मग शर्टाच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, निम्म्या मोजून माझ्या हातात ठेवल्या, आणि उरलेल्यांसाठी बऱ्हाणपूरचा केळीचा भाव काय चालू आहे ते मलाच सांगितलं. घड कापायला अजून सव्वा महिना होता. मी वहीत नाव टाकलं.